सांडव्यावरची माती

सत्तरच्या दशकात मी जिल्ह्याच्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. साहेब लोक पेन्सिलीने नकाशा काढत. त्यावर निळसर, मेणचट कापड ताणून बसवायचं आणि काळ्या शाईने तो जसाच्या तसा गिरवायचा, हे माझं काम. त्यात डोकं चालवायला मनाई होती. घरच्यांना मात्र वाटायचं की मी नकाशे ‘बनवते’, म्हणजे मनात आलं तर मी नदीसुद्धा थोडी पलीकडे सरकवीन.

माझ्या थोरल्या बहिणीला तर हे अगदी खरं वाटायचं. ती शहरातल्या नाल्याकाठच्या मोहल्ल्यात दिली होती. शहर म्हणायचं ते तिथं तहसील कचेरी आणि टॉकीज होतं म्हणून. वर मोठा तलाव, त्याच्या पायथ्याशी आमच्या वडिलांचं खेडं आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्याखाली शहर आणि मग वैनगंगा. तलाव भरला की जास्तीचं पाणी सांडव्यावरून नाल्यात उतरायचं आणि शहराच्या मधून नदीकडे जायचं. वाटेत त्यात उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलचं आंबलेलं पाणी मिसळे, पितळी भांडी उजळणाऱ्यांच्या तेजाबाचं धुवण मिसळे. बाकी शहर जे द्यायचं ते तर बारा महिने देतच होतं. खाली वैनगंगा फुगलेली असली, तिच्यावरच्या कारध्याच्या पुलाला पाणी लागलं असं कानावर आलं, की समजायचं, नदी आता नाल्याला आत घेणार नाही. मग तो मोहल्ल्यात शिरायचा. घरात शिरायचा त्याचं लोकांना फारसं काही वाटत नसे, खाटा उंचावर टांगायची त्यांना सवय होती. पण तो विहिरीत शिरायचा.

सगळा मोहल्ला त्या एका विहिरीचं पाणी प्यायचा. बहिणीचा पहिला मुलगा असाच एकदा पूर ओसरल्यावर काविळीने गेला. नुकता चालायला लागला होता. पाणी उकळून पाजा, असं दवाखान्यात सांगत. सांगायला काय जातं? चूल पाण्यात, सरपण भिजलेलं, उकळणार कशावर? त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली. नाल्याच्या सुधारणेचा नकाशा माझ्या टेबलावर आला, तेव्हा ती पोर अंगावरचं दूध सोडून पाणी मागायला लागली होती.

“तू हायेस न त्या हापिसात,” बहीण म्हणायची. “माह्या विहिरीचं तेवढं पाह्य वो. बाकीचं मले काही नाई पायजे.”

पहिला आराखडा चांगला होता, हे मी आजही सांगेन. साहेब तरुण होते, बाहेरगावचे होते. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून ते तलावापासून नदीपर्यंत सगळा नाला स्वतः चालले होते. तलावाचा सांडवा खाली घ्यायचा, म्हणजे मोठा पाऊस आला तर तलावात जागा राहील. मिलचं आणि भांडीवाल्यांचं घाण पाणी वेगळ्या बंद नालीने शहराच्या खाली नेऊन सोडायचं. मोहल्ल्यापाशी नाला रुंद करायचा आणि विहिरीचं तोंड उंच बांधायचं. विहिरीचं ते छोटंसं वर्तुळ मी सगळ्यांत शेवटी, सावकाश गिरवलं. बहिणीच्या घरी जाऊन मी तिला सांगितलं, “झालं समज.” एवढीच अक्कल होती मला तेव्हा.

मग तलावाखालच्या गावांची आणि शहराची एकत्र सभा झाली. सगळ्यांत आधी उभे राहिले ते माझे वडीलच. तलावाचं पाणी बांध्यांना वाटून देणारे, म्हणजे गावचे पाणकर होते ते. त्यांच्या शब्दावर गाव चालायचं. आमच्या गावाची एक पद्धत होती. पोळा झाला की सगळं गाव सांडव्यावर जायचं आणि माती, गवताची ढेकळं, पळसाच्या फांद्या रचून तो हातभर उंच करायचं. याला सांडवा बांधणं म्हणत. भारी, म्हणजे जास्त दिवसांचा धान उशिरा निसवतो, लोंबीवर येतो, तेव्हा पाऊस गेलेला असतो. त्या वेळी बांधीत पाणी नसलं तर लोंबी पोचट राहते, वर्षाची मेहनत नुसत्या पेंढ्यात, तणसात जाते. तेवढ्यासाठी तलावात हातभर जास्तीचं पाणी धरून ठेवायचं.

“साहेब,” वडील म्हणाले, “आमी सांडवा वर करून राहिलो अन् तुमी खाली करता. मंग भारी धानाले शेवटचं पानी कुठून देऊ?”

“पण बाबा, खाली पुरात लोक बुडतात,” साहेब म्हणाले.

“माही सोताची पोरगी राह्यते तिथं. मले नोका सांगू.”

साहेबांनी समोरचा नकाशा गुंडाळला. यावर काय बोलावं हे मला अजूनही कळलेलं नाही. सांडवा आहे तसाच राहिला.

मग एकेक जण उठायला लागला. मिलवाल्याचं म्हणणं, तांदूळ भिजवलेलं पाणी, त्यात घाण कसली? भांडीवाल्यांचं म्हणणं, नाली आमच्या अंगणातून नेऊ देणार नाही. नाला रुंद करायला मोहल्ल्यातलीच काही घरं जाणार होती. तेव्हा मोहल्लाही विरोधात उभा राहिला, आणि पहिल्या रांगेत माझे भाऊजी! त्यांचं घर जाणाऱ्यांत होतं. गेलं तर दुसरं कोण बांधून देणार होतं? त्यांचंही काही चूक नव्हतं. चूक कुणाचंच नव्हतं, म्हणूनच तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कुणा एकाच्या नावाने बोटं मोडायची सोयसुद्धा नव्हती.

कापडावरची शाई खोडायची तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडावी लागते. दर आठवड्याला साहेब पेन्सिलीची फुली मारून देत आणि मी खरवडत बसे. आधी सांडवा, मग नाली, मग रुंदीकरण. रुंदीकरणाच्या कामातच विहिरीचं तोंड होतं, तेही गेलं. शेवटी कुणाचीच हरकत नसलेलं एकच काम उरलं : बाजाराच्या बाजूने नाल्याला दगडी भिंत. बाजार मोहल्ल्याच्या अगदी समोरच्या काठावर.

एका काठाला भिंत घातली की पाणी दुसऱ्या काठावर चढणार, हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. नोकरीत त्या एकदाच मी तोंड उघडलं.

“साहेब, हे सगळं पाणी मोहल्ल्यात जाईल.”

“कळतं हो मला,” ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण बाकीचं काहीच मंजूर होत नाही. निदान बाजार तरी वाचू दे.”

मी भिंत गिरवली. भिंत उभी होईपर्यंत साहेबांची बदलीही झाली.

त्या वर्षी पोळ्यानंतर पावसाने धरलं ते सोडेचना. सांडवा बांधून झालेला होता. तलाव चढत चढत पाळीच्या, म्हणजे मातीच्या मोठ्या बांधाच्या, काठाला आला आणि पाळ एका जागी पाझरू लागली. ती फुटली असती तर आमचं खेडं आणि शहर दोन्ही गेलं असतं. वडिलांनी आणि गावकऱ्यांनी भर पावसात फावडी घेऊन सांडव्यावरचा बांध तोडला. दुसरं काय करणार होते? एरवी सावकाश उतरलं असतं ते हातभर पाणी एका दमात नाल्यात पडलं. भिंतीने आपलं काम चोख केलं, बाजार कोरडा राहिला. दुसऱ्या दिवशी मी तिथून गेले तेव्हा हलवाई जिलेब्या तळत होता आणि समोरच्या काठावर माणसं कौलांवर बसलेली होती.

पाणी उतरल्यावर आम्ही विहिरीत डोकावलो. वर मिलच्या तुसाचा थर आणि त्याखाली हिरवट पाणी. बहीण पोरीला कडेवर घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघेल म्हणून मला धास्ती होती. तिने बघितलं नाही, त्याने जास्त लागलं.

दुपारी वडील बैलगाडीत पाण्याची पिंपं घेऊन आले. बाया गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन धावल्या, पिंपं बघता बघता रिकामी झाली.

“बाबा,” बहीण म्हणाली, “औंदा झालं ते झालं. पुढच्या साली सांडवा नोका बांधू.”

“बांधा लागते, बाई.” ते रागावले नव्हते. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. “चाल. पोरीले घे अन् चाल गाडीत.”

ती गेली. रिकामे गुंड घेऊन उभ्या असलेल्या बायांच्या मधून गाडी निघाली. बायांनी वाट दिली. तेव्हापासून पावसाळा लागला की ती माहेरी यायची आणि धान घरात आल्यावर परतायची. पोर वाचली, शाळेत जायला लागली. मोहल्ल्यातल्या सगळ्या बायांचं माहेर तलावाखाली नव्हतं.

त्या पुराच्या पुढच्याच वर्षी पोळ्यानंतर मी रजा घेऊन गावी गेले. सगळं गाव सांडव्यावर होतं. पाळीवर भाची भाजलेला भुट्टा खात बसली होती, आणि मातीची घमेली हातोहात पुढे सरकवणाऱ्या बायांच्या रांगेत माझी बहीण उभी होती, लुगड्याचा काचा मारून.

माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई, तू?”

“मंग? धान नाई झाला त बाबा आमाले काय खाऊ घालन? पोरीले घेऊन कुठं जाऊ मी?”

“अन् खाली?”

“खाली कोन राह्यते ते मले नोको सांगू.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात थांबले नव्हते. “थ्या शेजारनीचं पोरगं मांगच्या दिवाळीच्या आंधीच काविळीनं गेलं. मले ठावं हाये सारं. तू काहून उभी हायेस? धर.”

तिने भरलेलं घमेलं माझ्या हातात दिलं. जड होतं. मी ते पुढच्या बाईकडे दिलं आणि दुसरं घ्यायला वळले.