नातीचा ठिपका

माझी शाळा चौथीपर्यंत. मोबाईलवर आलेला फोन घेता येतो आणि लेकीला लावता येतो, एवढंच. त्यामुळे शर्यतीला जाण्याआधी नातीनं आपला मोबाईल माझ्यासमोर धरून नकाशा दाखवला, तेव्हा मी विचारलं, "यात तुझं तोंड दिसनार का?"

"तोंड न्हाई, आजी. ठिपका दिसंल. मी जाईन तसा ठिपका सरकंल."

ठिपक्यात काय बघायचं, असं मला वाटलं होतं. पण शर्यत सुरू झाली आणि माझा चहा समोर गार झाला. संगमनेरहून भंडारदऱ्यापर्यंत सायकली जाणार होत्या. प्रत्येकीच्या सीटखाली काडेपेटीएवढं यंत्र बांधलेलं होतं आणि रस्त्याच्या रेघेवर रंगीत ठिपके पुढे सरकत होते. नातीचा पिवळा. पहिल्या तिघींना राज्याच्या शर्यतीला नेणार होते. त्यासाठी पोरगी वर्षभर रोज उजाडायच्या आत सायकल घेऊन बाहेर पडत होती.

"दुसरी हाय," मुलगा म्हणाला. "अशीच राहिली तरी झालं."

सून मेथी निवडत होती. काड्या पातेल्यात आणि पानं कचऱ्यात टाकत होती. 

अकोलं मागं पडलं. घाटाच्या अलीकडे पिवळा ठिपका थांबला. पहिली पुढे निघून गेली होती. मागून निळा आला आणि पिवळ्यावर थांबला. मग हिरवा, मग आणखी दोन. सगळे एका जागी गोळा झाले.

मुलाचा चेहरा उतरला. "पडल्या. एकीवर एक पडल्या." तो मोटारसायकलची किल्ली शोधायला लागला. नातीला फोन करावा तर तिचा मोबाईल आमच्याच हातात.

मी विचारलं, "ह्ये कोन्तं गाव?" मुलानं बोटानं नकाशा मोठा केला. माझ्या लेकीचं सासर.

मी लेकीला फोन लावला. मागं बायकांचा गलका होता.

"आई, मागनं करते. हात गुंतल्यात."

"कशात?"

"ओवाळतीय."

"कुनाला?"

"सगळ्यांना. आपल्या एकटीलाच कसं ओवाळायचं? बाकीच्या बी कुनाच्या तरी लेकीच हायेत."

"अगं, शर्यत हाय ती."

"मग? दारावरनं जाती अन् कोरड्या कपाळानं जाऊ द्यू व्हय?"

मुलानं फोन माझ्याकडून ओढून घेतला. "सोड तिला आधी."

"दादा, वरडू नको. घरच्या ग्रुपवर लिंक कुनी टाकली? ठिपका जवळ आला तवाच निरांजन लावलं, न्हाईतर वाऱ्यानं इझलं असतं."

लिंक पोरीनंच टाकली होती. मुलानं फोन मला परत दिला.

थोड्या वेळानं ठिपके सुटे झाले. निळा निघाला, हिरवा निघाला. पिवळा सगळ्यांत शेवटी. बाकीच्यांना कुंकू लावून मोकळं केलं होतं, पण ही घरची. तिला सगळ्या थोरांच्या पाया पडावं लागलं. पुढे घाटात रेंज गेली आणि ठिपके हलेनात. पुन्हा दिसले तेव्हा पिवळा चौथा होता. शेवटपर्यंत चौथाच राहिला.

संध्याकाळी ती आली. घामानं कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं, हेल्मेटात अक्षता. मुलानं विचारलं, "बाजूनं निघता आलं न्हाई?"

"आलं असतं," ती म्हणाली आणि अंघोळीला गेली.

अडवलं म्हणून पंचांकडे तक्रार करता आली असती. पण कुणी अडवलं, याला उत्तर काय देणार? आत्यानं. तिनं तक्रार केली नाही आणि आत्याशी दिवाळीपर्यंत बोललीही नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला. माझी लेक वेडी नाही. तिच्या दारावरून पूर्वीही माहेरची माणसं गेली असतील, एसटीत बसून, कुणाच्या टेम्पोत बसून. तिला कळत नव्हतं, म्हणून ती घरात कामात असायची. आता आपली पोर शेताच्या वळणावर आली, ओढ्यावर आली, हे तिला हातात दिसत होतं. तेवढं दिसल्यावर बाई घरात बसत नाही. तिच्या जागी मीही रस्त्यावर गेले असते. पण पोरीचं वर्ष गेलं ते गेलंच, हेही खरं. प्रेमानं केलं म्हणून नुकसान कमी होत नाही.

यंदा पुन्हा तीच शर्यत, तोच रस्ता. नातीनं लिंक कुणालाच दिली नाही.

"मला तरी दे," मी म्हणाले.

"तू आत्याला सांगशील."

"सांगीन." खोटं कशाला बोलू?

शर्यतीच्या सकाळी लेकीचा फोन आला. "आई, पोर कुठवर आली?"

"ठाऊक न्हाई."

"खरं सांग."

"खरंच न्हाई ठाऊक. आमालाबी दिली न्हाई लिंक."

 ती म्हणाली, "बरं. मी आपली रस्त्यावर जाऊन बसते. कवातरी जाईलच."

"बस," मी म्हणाले. "पन कडंला बस. अन् ताट घरी ठेव."