फिनाईलचा वास

तळेगावजवळच्या आंबी गावात आमच्या कंपनीचं ऑफिस म्हणजे बारा टेबलं, दोन केबिन आणि साफसफाईला एक मावशी. मी ॲडमिन बघते, म्हणजे ज्या कामाला कुणी वाली नाही ते माझ्याकडे येतं.

मावशी डोंगराकडच्या वाडीवरून यायच्या आणि आम्ही पोचायच्या आत सगळं उरकून निघायच्या. कधी भेटल्याच तर बोटांना चिंध्या बांधलेल्या दिसायच्या. फिनाईल आणि ॲसिडनं कातडी सोलून निघत होती. मी रबरी हातमोजे दिले. ते घालून फडकं पिळता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मी करून पाहिलं, खरंच येत नाही. डॉक्टरांनी काम बदला म्हणून सांगितलं होतं. दुसरं काम नव्हतं.

मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शहाणी झाले. फिनाईलऐवजी वापरायला लिंबाच्या साली आणि गूळ पाण्यात घालून तीन महिने मुरवलं, तळेगावातून रिठे विकत आणले आणि मावशींना समोर बसवून रिठा म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बिया काडल्या का, ताई?"

मी काढल्या नव्हत्या.

"आमच्या वाडीवर झाडंच हायेत. इकत कशाला आणलं?"

पंधरा दिवसांत बोटं भरून आली आणि तक्रारी सुरू झाल्या. फरशी पुसल्यासारखी वाटत नाही, कारण वास येत नाही. आमच्याकडे फरशी स्वच्छ आहे का हे कुणी खाली बघून ठरवत नाही. साहेबांनी मला बोलावलं. बाई कामचुकार आहे, ठेकेदाराला दुसरी पाठवायला सांगा. मी रिठ्याचं सगळं समजावलं.

"ते ठीक आहे हो, पण निदान पुसायला नको का?"

मी मावशींच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. ऑफिस फिनाईलनं घमघमत होतं. मी तणतणत आत गेले, तर मावशी रिठ्याच्या पाण्यानंच फरशी पुसत होत्या. चपलांच्या रॅकखाली एका वाटीत फिनाईल ओतून ठेवलं होतं.

"वास त्यास्नी पायजे ना? त्यो ठिवलाय तितं."

साहेब मला म्हणाले, "बघा, बोलल्याशिवाय कामं होत नाहीत." मी हो म्हटलं. पर्यावरणाचं जे व्हायचं ते झालं, बोटं वाचली. पुढं वाटी भरायचं काम सकाळी कुलूप उघडणाऱ्या वॉचमनकडे गेलं आणि महिनोन्‌महिने एकही तक्रार आली नाही. मध्ये पुण्याहून पाहुणे आले होते, तेही जाताना ऑफिस फार स्वच्छ ठेवलंय म्हणाले. मी मान डोलावून कौतुक घेतलं.

पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पार उतरलेला.

"तापानं पडलेते, ताई. दोन दिस आले न्हाई. फोनला रेंज न्हवती. माज्या जागी कोण आलतं?"

त्या आल्या नव्हत्या हेच मला माहीत नव्हतं.

"कुणी नाही, मावशी."

"मंग सायेब काय बोललं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस वाटीतला वास घेत मी त्याच फरशीवरून चालत होते.

"काही नाही. कुणीच काही बोललं नाही."

मावशींनी पदरानं कपाळ पुसलं.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.