न वाचलेल्या लेखाचे धनी

विक्रोळीच्या चाळीत वाढलेला आमचा मार्तंड घाडीगावकर मुलुंडकडच्या एका मेडिकल कॉलेजात सर्जन आहे. सहयोगी प्राध्यापक. हात हलका, पेशंट नाव काढतात. पण बढती हाताला मिळत नाही, छापलेल्या लेखांना मिळते. तेही जाणकारांनी तपासून पास केलेल्या. त्याला एकच लेख कमी पडत होता. बायकोनं, कुंदानं, ‘प्राध्यापक’ अशी पितळी पाटी करून कपाटात ठेवलीसुद्धा.

लेख लिहायला होती ज्युनिअर, आमच्याच कुडाळची डॉक्टर नमिता. युनिटात कोणीही लिहो, साहेबांचं नाव लागायचंच. देवळात बोकड कोणाचाही असो, मानकऱ्याचा वाटा निघतो तसं. पोरीनं वर्षभर मधुमेही पेशंटांचे सडके पाय धुतले, जखमा मोजल्या, लेख लिहिला. मार्तंडानं पान न उलटता सांगितलं, “धाड गो.”

पुढे एका नियतकालिकानं त्यालाच एक लेख तपासायला पाठवला, नावं झाकून. दुसऱ्याच्या चुका काढायच्या म्हटल्यावर गडी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. कँटीनमध्ये वडा चावत सगळ्यांना सांगत होता, एका गाढवाचा लेख परतवला. लिहिलं, ह्यानं जखम जवळून बघितलीच नाही, नाक धरून लांबून लिहिलंय.

पंधरवड्यात नमिताचा लेख नापास होऊन आला. मार्तंड भडकला.

“कोण मेलो तपासणारो? वाच बघया काय लिवल्यान ता.”

नमिता वाचायला लागली. ‘नाक धरून लांबून’ आलं आणि थांबली. मार्तंडानं कप हळूच खाली ठेवला. नियतकालिकाच्या यादीत तो अजून जुन्या कॉलेजच्या पत्त्यावर होता. लेखावर नाव असलेला आणि लेख तपासणारा एकच माणूस, हे तिथे कोणाला कळलं नव्हतं. आणि स्वतःचा लेख ओळखायला त्यानं तो आधी वाचायला हवा होता.

“सर,” नमिता म्हणाली, “माज्यासाटी ह्या साफ खोटा. तुमच्यासाटी मात्र खरा आसा.”

तक्रार करणार कोणाची? बढतीची मुलाखत झाली, जागा दुसऱ्याला गेली, पाटी कपाटातच राहिली.

नमितानं लेख दुसरीकडे धाडायचं ठरवलं. तुमचं नाव काढू का, असं सरळ विचारलंन.

“नाव रवांदे थंयच,” मार्तंड म्हणाला. “पण आदी वाचतंय मी.”

खरंच वाचायला बसला. दुसऱ्या पानावर मान कलली. नमितानं टेबल वाजवलं तसा दचकून उठला, चष्मा सारखा केलान.

“बरो आसा,” म्हणाला. “धाड.”