प्रोफेसरांचं सोंग

जव्हार संस्थानात बोहाड्याच्या उत्सवात देवदानवांची सोंगं नाचायला लागली, की पुण्याच्या कॉलेजातले एक प्रोफेसर आमच्या पडवीत हजर. सुपारी कातरत माझ्या बापाला म्हणायचे, "नरसिंह पाऊल कसं टाकतो? पुन्हा दाखवा." नरसिंहाचा मुखवटा बापच चढवायचा. तो हौसेनं दाखवी. मला मात्र प्रोफेसरांची ती टिपून घेणारी नजर खुपायची.

"येवढा बघून करता काय, मास्तर?" बापानं एकदा विचारलं.

"वर्गात सोंग करून दाखवतो. पेंगणारी मुलंसुद्धा जागी होतात."

आमच्याकडे सोंग समोर आलं, की माणसं हात जोडतात. बाप हरखला. "मंग पोरा पाया पडत असतील?"

अडकित्ता थांबला.

"पडतात ना," प्रोफेसर म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.