शेजारची सीट

बांधकामावरच्या उंच क्रेनवर बसणाऱ्या माणसाला सगळे ‘वरचा’ म्हणायचे. विटा वेळेवर आल्या नाहीत की मुकादम आकाशाकडे हात जोडायचा, “वरच्याच्या मनात असेल तेव्हा येतील बाबा!” आणि सगळे हसायचे. वरच्यालाही ते वॉकीटॉकीवर ऐकू जायचं, पण तो हसला की नाही हे खाली कोणाला कळणार? सकाळी डबा आणि पाण्याची बाटली पाठीला लावून तो शिडी चढायचा, तो संध्याकाळीच उतरायचा. मधे जेवायला खाली यावं तर चढण्या-उतरण्यातच सुट्टी संपायची. म्हणून काचेच्या त्या खोक्यात एकट्यानंच जेवायचं. खोकंच ते, दुसरं काय म्हणणार? एक खुर्ची, दोन दांडे आणि पायाखाली काच.

त्याच्या जोडीला खाली एकजण वॉकी घेऊन उभा असायचा. तो अर्थातच ‘खालचा’. वरून पुष्कळदा माल उतरवायची जागाच दिसत नाही, मधे भिंती येतात. तेव्हा खालच्यानं न थांबता बोलत राहायचं, “खाली… खाली… खाली… सावकाश… टेकलं!” आणि वरच्यानं त्या आवाजावर दांडा हलवायचा. यात नियम एकच, पण तो मोडला तर कोणाचा तरी जीव जाणार. आवाज थांबला की हात थांबला पाहिजे. खालच्याला नुसता ठसका लागला तरी सळयांचा भारा जागच्या जागी लटकत राहायचा. इतक्या वर्षांत वरच्याचा हात डोक्याला विचारेनासाच झाला होता. खालच्याचा आवाज हलवेल तसा तो हलायचा.

आणि गंमत बघा, दिवसभर एवढं बोलूनही दोघं कधी बोलले नव्हते. वॉकीवर अख्खी साइट ऐकत असते. तिथे कामाशिवाय चकार शब्द काढला की मुकादम खेकसायचा. संध्याकाळी वरचा उतरेपर्यंत खालचा घरी निघून गेलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी वरच्याची बायको गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. तो कामावर परत आला तेव्हा खालचा वॉकीवर म्हणाला, “काय रे, गावाला गेला होतास वाटतं?” वरच्यानं बटण दाबलं, “हं” म्हणाला, आणि दिवसभर विटा उचलत राहिला. आता याला काय म्हणावं! अरे, सांगायचं ना! पण सगळ्या साइटच्या कानात असलं कसं सांगायचं, असं त्याला वाटलं. आणि एकदा ‘हं’ म्हटल्यावर मग ते राहिलंच.

घरी ओट्यावर एक पातेलं, एक ताट. टीव्ही चालू असायचा, पण तो बघायचा नाही. अशाच एका रविवारी घर खायला उठलं म्हणून तो बाहेर पडला आणि चालत चालत शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीपाशी पोचला. तिथे विमान चालवायला शिकवत होते. त्याला विमानाचं कौतुक नव्हतं आणि उंचीचं तर मुळीच नव्हतं, उंचीवर बसूनच त्याचे केस पिकायला आलेले. त्याच्या डोळ्यांत भरल्या त्या विमानातल्या दोन सीट. एकमेकींना खेटून, खांद्याला खांदा लागेल अशा.

झालं! दर रविवारी स्वारी तिकडे. बायकोच्या विम्याचे पैसे आले होते, त्यांना हात लावायचं त्याच्या जिवावर यायचं, ते इथे कामी आले. शिकवणाऱ्या बाई म्हणजे नुसता तोंडाचा पट्टा. “नाक खाली घ्या! वेग बघा, वेग! पाय काय झोपलेत का तुमचे?” दुसरा कोणी असता तर वैतागून पळाला असता. हा मात्र आठवडाभर त्या बोलणी खाण्याची वाट बघायचा. कोणीतरी अगदी शेजारी बसून आपल्यावर ओरडतंय, याचंच त्याला बरं वाटायचं.

एक दिवस बाई म्हणाल्या, “हात चांगला आहे तुमचा. नोकरी सोडा आणि पूर्ण वेळ या. छंद म्हणून नाही, पोटापाण्यासाठी पायलट व्हा. पण चाळिशी आली तुमची, तेव्हा आता नाही तर कधीच नाही. रविवारी एकट्यानं एक फेरी मारून दाखवा, आणि सोमवारी मला काय ते सांगा.”

त्यानं ताईला फोन लावला. ताई मोठी, दुसऱ्या शहरात राहणारी, सल्ले द्यायला एका पायावर तयार.

“खूळ लागलंय का तुला?” ताई कडाडली. “या वयात माणसं गुडघे सांभाळतात, आणि तू विमान उडवणार? चांगली बसायची नोकरी आहे!”

“बसायचीच आहे ग. एकट्यानं बसायची.”

“मग?”

“मोठ्या विमानात पायलट दोन असतात, ताई. शेजारी कोणीतरी असतं.”

मग ताई हळूच म्हणाली, “जेवलास का?”

रविवारी बाई विमानातून उतरल्या, दार आपटलं आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. हा एकटा उडाला. वर गेला, वळला, सगळं कसं झकास. पण धावपट्टी समोर आली, जमीन जवळ येऊ लागली, आणि शेजारून आवाजच येईना. “नाक खाली” नाही, “वेग बघा” नाही. त्याचा हात थांबला. कोणी सांगितलं नाही, आपोआप थांबला, वर्षानुवर्षं थांबत आला तसा. आता क्रेन थांबली तर माल लटकून राहतो, विमान कसं राहील? त्यानं घाईघाईनं इंजिनाला जोर दिला आणि धावपट्टीवरून सरळ पुढे निघून गेला. दुसऱ्या फेरीलाही तेच. खाली बाईंनी कपाळाला हात लावला.

तिसरी फेरी. जमीन जवळ आली, हात पुन्हा अडला. आणि तो स्वतःच मोठ्यानं बोलायला लागला, हुबेहूब खालच्याच्या सुरात, “खाली… खाली… खाली… सावकाश…” हात हलला. “खाली… खाली… टेकलं!” चाकं धावपट्टीला लागली.

टॉवरशी रेडिओवर बोलायचं बटण मुठीत आवळलं गेलंय, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. टॉवरमधल्या माणसांनी सगळं ऐकलं आणि ती पोट धरधरून हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला शेडमध्ये नेलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, “खरं सांगा, तुम्हाला पायलट कशाला व्हायचंय?”

त्यानं खरं सांगितलं. शेजारच्या सीटचं.

“अहो, कोणी सांगितलं तुम्हाला हे?” बाईंचा आवाज पहिल्यांदाच उतरला. “या वयात सुरुवात केलीत तर आधी लहान विमानं मिळतील. पार्सलं न्या, जमिनीची मोजणी करा. सगळं एकट्यानं. मोठं विमान मिळालंच, तर शेजारी रोज नवा माणूस. हात मिळवायचा, कामाचं बोलायचं, उतरलं की तो त्याच्या वाटेनं, तुम्ही तुमच्या. मी उभं आयुष्य यात काढलं. शेजारी बसलेल्यांतला एकही आज मला फोन करत नाही. उडवणं आवडत असेल तर या. सोबतीसाठी येऊ नका.”

सोमवारी सकाळी शिडी चढताना त्याचं ठरलं होतं. बाईंना ‘नाही’ सांगायचं. रोज न चुकता आपल्याशी बोलणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो इथे खाली उभा आहे. त्याला सोडून आपण कुठे निघालो होतो? दुपारी भोंगा झाला तसा तो डबा घेऊन चक्क खाली उतरला.

मुकादम धावत आला. “काय झालं? क्रेन बिघडली?”

“नाही. जेवायला आलोय.”

याला ऊन लागलं की काय, अशा नजरेनं मुकादम बघतच राहिला.

खालचा विटांच्या थप्पीवर डबा उघडून बसला होता. वरचा त्याच्या शेजारी टेकला. जवळून खालचा बराच थकलेला दिसत होता. दिवसभर ज्याचं तोंड मिटत नाही, त्याच्या तोंडून आता शब्द फुटेना. वरच्याचीही तीच गत. दोघं खाली मान घालून जेवत राहिले.

शेवटी खालचा म्हणाला, “विमान शिकतोस म्हणे. मुकादमानं तुला धावपट्टीवर पाहिलं.”

“हो. पूर्ण वेळ बोलावतायत. पण मी नाही म्हणणार आहे.”

“का रे? वहिनी नको म्हणतात?”

वरच्याचा घास हातातच राहिला. “ती गेली,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली.”

खालच्यानं मान वर केली. “म्हणजे तू गावाला गेला होतास तेव्हा…”

“गावाला नव्हतो गेलो. तू म्हणालास, मी हं म्हणालो.”

“अरे, मी घरी सांगत असतो, आमच्या वरच्याचं बरं आहे, राजाराणीचा संसार आहे!” खालच्याचे डोळे भरून आले. “इतकी वर्षं माझ्या भरवशावर दांडा हलवतोस आणि एवढं सांगितलं नाहीस?”

“कुठे सांगणार होतो? वॉकीवर?”

खालच्यानं डबा बाजूला सारला. आणि वरच्याला त्या क्षणी इतकं एकटं वाटलं, की तेवढं बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान खाली आपलं कोणीतरी उभं आहे, असं तो धरून चालला होता. त्या माणसाचा काही दोष नव्हता. त्याला काही माहीतच नव्हतं.

“माझ्यासाठी राहणार असशील तर राहू नकोस,” खालचा नाक पुसत म्हणाला. “मी नुसतं खाली-वर म्हणतो रे. ते कोणीही म्हणेल.”

वरच्यानं डब्याचं झाकण लावलं आणि तिथेच बसून बाईंना फोन केला. “येतो मी.”

“शेजारी कोणी नसणार, हे लक्षात आहे ना?”

“आहे. काल उतरलो की एकट्यानं.”

त्यानं फोन खिशात टाकला. भोंगा व्हायला आला होता. खालचा घाईनं म्हणाला, “जायच्या आधी एकदा घरी जेवायला ये. ही विचारेल, कोण तुमचा तो वरचा, दाखवा तरी.”

“येईन. राहतोस कुठे तू?”

“हे काय, मागच्याच गल्लीत. गच्चीवर निळी टाकी, आणि दोरीवर सदा एक लाल चादर वाळत असते बघ. तुला वरून दिसत असेल.”

वरच्यानं नुसती मान हलवली. ती चादर तो रोज बघायचा, वर एकटा जेवताना, तोंडासमोर तेवढीच असायची म्हणून.