सागरिकेचा राखणदार

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, येडगाव धरणाच्या काठावरील आमच्या कॉटेज वसाहतीचा इतिहास फक्त एका माणसाला ठाऊक आहे, आणि तो ऐकवल्याशिवाय हा माणूस कोणालाही सोडत नाही.

हा आमचा राखणदार. समुद्र सह्याद्रीपलीकडे असूनही आम्ही मालकांनी हौसेनं ‘लाट’, ‘शिंपला’ अशा पाट्या लावल्या. याच्या लेखी मात्र ती अजून शेतंच आहेत. ‘लाटे’ला तो कांद्याचं म्हणतो, ‘शिंपल्या’ला चिंचंखालचं आणि माझ्या ‘सागरिके’ला डबकं. पाहुण्यांना चहा देता देता तो त्या रानांची कूळकथा सुरू करतो आणि चहा निवून जातो. रागावलं की “व्हय राव” म्हणतो आणि पुढचं रान काढतो.

परवा पुण्याचं एक जोडपं ‘सागरिका’ बघायला आलं. मला ती विकायचीच होती. मी त्याला हात जोडले. “आज जुनं काही काढू नको बाबा, फक्त कौतुक कर.”

त्यानं खरोखर केलं. वाऱ्याचं केलं, मासळीचं केलं, लेण्याद्रीच्या डोंगराचंही केलं. बाई खूश होऊन म्हणाल्या, “पावसाळ्यात इथून पाणी किती लांब असतं?”

तो माझ्याकडे बघून अभिमानानं म्हणाला, “लांब कशाला जाताय ताई, पलंगावरनं पाय सोडला की झालं.”