मूकपटाचे कागद

गेल्या वर्षी तापाचे निमित्त झाले आणि माझ्या पत्नीची श्रवणशक्ती गेली. काशीदजवळच्या आमच्या गावात ती दर गुरुवारी भजनाला जात असे. ते तिने सोडले. टीव्हीसमोर बसणेही सोडले. मी पाटीवर लिहून बोलू लागलो. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर मला बाहेर बोलावून जे सांगितले, तेही मी पाटीवरच लिहिले : ‘हळूहळू सुधारेल.’

मग मला मूकपट सुचला. मूकपटात पात्रांचे केवळ ओठ हलतात. मध्येच पडदा काळा होतो आणि त्यावर संवादाची अक्षरे उमटतात. म्हणजे ऐकणारा आणि न ऐकणारा, दोघे तेथे सारखेच. मुलीने लॅपटॉपवर एक जुना हॉलिवूडचा प्रेमपट उतरवून दिला. तो ज्या कादंबरीवरून काढला होता, ती मी तरुणपणी वाचली होती. पत्नीला इंग्रजी येत नाही, म्हणून मी तो आधी दोनदा पाहिला आणि प्रत्येक संवाद माझ्या शाळामास्तरकीतल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर मराठीत उतरवून क्रमांक घातले.

दुपारी आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी एकेक कागद पुढे धरत होतो. ती हसली, एकदा नायकाला “मेला बावळट!” म्हणाली. कित्येक महिन्यांत असे घडले नव्हते.

शेवटी स्टेशनवर नायक नायिकेचा निरोप घेतो. पडद्यावर अक्षरे होती : ‘मी परत येणार नाही.’ मी कागद धरला : ‘मी लवकर परत येईन.’

तिने तो वाचला, पुन्हा नायिकेकडे पाहिले आणि लॅपटॉप थांबवायला लावला.

“अहो, हे तुमच्या पदरचं आहे. परत येणाऱ्याकडे कुणी असं बघत नाही.”

मी तो कागद खाली ठेवला.

“मास्तर, मुलांच्या उत्तरात एवढी खाडाखोड चालवून घेतली असती का तुम्ही?” मग तिने विचारले, “डॉक्टरांचं वाक्यसुद्धा असंच बदललंत ना?”

मी कोरा कागद घेतला. नीट अक्षर काढून लिहिले : ‘ऐकू येण्याची आशा नाही, असे ते म्हणाले.’

तिने तो दोनदा वाचला. डोळे पुसले.

“पुढे काय म्हणाले?”

‘समोर बसून सावकाश बोलावे. ओठांवरून ओळखता येऊ लागेल.’

“एवढं कामाचं वाक्य सहा महिने लपवून ठेवलंत!”

मी खुर्ची उचलली, तिच्या समोर ठेवली आणि सावकाश म्हणालो, “चुकलो.”

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे निरखून पाहत राहिली.

“काही कळत नाही. मिशी आड येते.”

चाळीस वर्षांची मिशी होती. मी उठलो आणि कात्री शोधू लागलो.